चौतीस छत्र्या आणि एक खुर्ची

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा परवापासून आखडला आहे, त्यामुळे नमस्कार सातच अंगांचा झाला. आठवं अंग गुडघा सुटला की पाठवून देईन. तो का आखडला ते पुढे येईलच.)

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटलीवरच्या सूचनांमधल्या चुका काढण्यातच वेळ निघून जातो? मागच्या पत्रात स्वतःबद्दल तू फक्त "बरी आहे" एवढंच लिहिलंस. बाकी सगळं माझ्याच पत्राबद्दल होतं. माझं पत्र लाल पेन्सिलीच्या खुणांसकट परत मिळालं, खाली दहापैकी साडेचार. मी जरा खट्टू झालो होतो, पण तुझी भाचेसून म्हणाली की त्याच्या आधी चारच मिळाले होते, म्हणजे प्रगती आहे. या खेपेला डावीकडे दोन बोटं समास सोडला आहे, कंसांची आवक जमेल तितकी आटोक्यात ठेवणार आहे (हा धरू नये), आणि विषय सोडून भरकटायचं नाही असं ठरवलं आहे.

पत्रास कारण, काहीच नाही. सहज आठवण आली म्हणून लिहितो आहे. (या वाक्याखाली आत्ताच लाल रेघ मारून ठेव. शेवटी लागेल.)

गेली नऊ वर्षं तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी सहीच्या वर एक ओळ असते, "कायम झालास का?" उत्तरादाखल मी आजवर हवापाणी, शेजाऱ्यांची भांडणं, आमच्या नळाची तब्येत असं काय काय लिहिलं, पण त्या ओळीला बगल दिली. आज देत नाही. आत्या, मी कायम झालो. गेल्या महिन्यात हुकूम निघाला. बसगाड्यांत सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयातला तुझा तात्पुरता कारकून भाचा आता 'वस्तुपाल' या पदावर कायम. निघालेला हुकूम माझ्या हातात यायला मात्र एकवीस दिवस लागले, कारण तो आमच्या साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांना आम्ही सगळे 'पुढचा आठवडा' म्हणतो. काहीही विचारा, ते मान वर न करता "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात. एकदा कार्यालयाच्या मागच्या खोलीत धूर झाला होता तेव्हाही हेच म्हणाले, आणि खरं सांगायचं तर धूर आपोआप थांबला, तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या पद्धतीवर फारच विश्वास बसला आहे.

हुकुमाबरोबर खुर्ची आली. आमच्याकडे तात्पुरत्या माणसाला स्टूल आणि कायम माणसाला हात असलेली खुर्ची, असा नियमच आहे. माझ्या स्टुलाला पाय चार, पण ते चारही एका वेळी जमिनीला टेकलेले नऊ वर्षांत कोणी पाहिलेले नाहीत. उलट खुर्ची अशी की तिला पाठ आहे, हात आहेत, आणि ती स्वतःभोवती फिरते. अजून प्लॅस्टिकात गुंडाळलेली आहे. कारण हुकुमाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ निघाली, 'सदर नेमणूक पूर्वसेवेच्या पडताळणीच्या अधीन राहील.' पडताळणी होईपर्यंत खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे, तू मला वर्गात उभा करायचीस तशी. मी रोज समोरच्या स्टुलावर डुगडुगत तिची पाठ बघतो.

तू आमचं कार्यालय कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून थोडं सांगावं लागेल (हे भरकटणं नाही, याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही). आगाराच्या मागच्या बाजूला चार खोल्या. पहिलीत खिडकी आणि लोकांची रांग, दुसरीत आणि तिसरीत कपाटं, चौथीत नुसत्या छत्र्या. मी आलो तेव्हा वस्तू तारखेनुसार लावलेल्या असत. मी पहिल्याच वर्षी ते मोडीत काढलं. वस्तू हरवलेल्या माणसाला तारीख आठवत नसते, आणि ज्याला तारखा आठवतात तो वस्तू हरवत नाही. हरवणाऱ्याला आठवतं ते एवढंच की त्या वेळी आपलं काय चाललं होतं. म्हणून मी वस्तू विसरण्याच्या कारणाप्रमाणे लावल्या. एक कपाट 'घाई', दुसरं 'डुलकी', तिसरं 'भांडण' (यात डबे सर्वांत जास्त), चौथं 'प्रेम' (यात एकएकटे हातमोजे आणि पहिल्या दहा पानांपुढे न उघडलेली पुस्तकं), आणि कोपऱ्यातलं पाचवं 'मुद्दाम'. मुद्दाम विसरलेल्या वस्तू बघून ओळखू येतात. सासरकडून आलेलं फुलपात्र, सुरात न वाजणारी बासरी, कोणा दूरच्या काकांचा चौकटीतला फोटो. त्या न्यायला कोणी येत नाही आणि आलंच तर घरचं दुसरं माणूस येतं. माणूस खिडकीशी आला की मी एकच विचारतो, "तेव्हा काय चाललं होतं?" आणि दोन मिनिटांत त्याची वस्तू त्याच्या हातात देतो. ही पद्धत माझ्याखेरीज कोणाला कळत नाही, हा तिचा गुण समजावा की दोष, ते मात्र अजून ठरलेलं नाही.

आता सेवाखंड. तात्पुरत्या माणसाला एकोणनव्वद दिवस कामावर ठेवतात आणि नव्वदाव्या दिवशी घरी बसवतात, एकच दिवस, की एक्क्याण्णवाव्या दिवशी तो पुन्हा नवा. असा खंड पाडला की त्याला "मी सलग काम केलं" असं कधी म्हणता येत नाही. म्हणजे मी गेल्या नऊ वर्षांत छत्तीस वेळा नोकरीला नव्याने लागलो. पहिल्या खंडाला मी शहाण्या माणसासारखा घरी पाय पसरून झोपलो. त्या दिवशी खिडकीशी साहेब स्वतः बसले. एक गृहस्थ आपली दातांची कवळी मागायला आले. साहेबांनी 'घाई'च्या कपाटात हात घातला, हाताला कवळी लागली, देऊन टाकली. पाच दिवसांनी दुसरे एक गृहस्थ बागेत बाकावर बसले होते, शेजारचा माणूस हसला, आणि यांनी त्याच्या तोंडात स्वतःचे दात ओळखले. ते प्रकरण मिटवायला दोन महिने गेले, कारण पहिल्या गृहस्थांना त्या कवळीची सवय झाली होती आणि ते म्हणायचे की ही मूळच्यापेक्षा बरी बसते. त्यानंतर साहेबांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "खंड कागदावर राहू दे. तू आपला येत जा."

इथे दरवान आडवा आला. आमचा दरवान म्हणजे नियमाचा पक्का माणूस. एकदा त्याने स्वतःचा पास घरी राहिला म्हणून स्वतःला आत सोडलं नव्हतं, दिवसभर फाटकाबाहेर उभा राहून त्याने बाहेरून पहारा दिला. दुसऱ्या खंडाच्या दिवशी मी डबा घेऊन फाटकाशी गेलो तर म्हणाला, "पास?" पास आदल्या संध्याकाळी त्यानेच जमा करून घेतला होता. म्हणाला, "पास नसेल तर ज्यांचं काही हरवलंय त्यांनाच आत सोडतो. तुमचं काय हरवलंय?" मी इकडेतिकडे पाहिलं. डाव्या हातात डबा होता, उजव्या हाताला छत्री लटकत होती. मी म्हटलं, "छत्री." त्याने शांतपणे अर्ज काढला, माझं नाव लिहिलं, वस्तू छत्री, आणि वर्णनाच्या रकान्यापाशी थांबला. मी सांगितलं, काळी, आठ काड्यांची, वाकड्या मुठीची. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि पुढे लिहिलं, 'हातातल्यासारखीच.' मग मला आत सोडलं. मी दिवसभर स्टुलावर बसून लोकांच्या वस्तू दिल्या, एक हरवलेला नागरिक म्हणून, आणि संध्याकाळी घरी गेलो.

पहिला खंड झोपेत गेला आणि एक माझ्या लग्नाला लागला. (लग्नाला दुसरा मोकळा दिवसच नव्हता. म्हणजे बोहल्यावर तुझा भाचा कायद्याने बेकार उभा होता. ही गोष्ट तुझ्या भाचेसुनेला गेल्या आठवड्यात कळली, आणि तेव्हापासून ती अधूनमधून माझ्याकडे बघून नुसतीच मान हलवते.) उरले चौतीस. चौतीस वेळा मी त्या फाटकात छत्री हातात घेऊन छत्री हरवल्याचा अर्ज दिला, आणि चौतीस वेळा दरवानाने तेच वर्णन, त्याच अक्षरात, शेवटच्या शब्दासकट लिहून घेतलं. अर्ज नोंदवहीत चढले, वही कपाटात गेली, मी विसरून गेलो. कोण उघडणार होतं ती वही?

ती वही पडताळणीच्या बाईंनी उघडली. बाई तुझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, चष्मा दोरीने गळ्यात, हातात पट्टी. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचतात आणि वाचताना ओठ हलवत नाहीत. त्यांना बघताक्षणी मी स्टुलावरून उठून उभा राहिलो, कारण तुझीच आठवण झाली. माझी सेवापुस्तिका त्यांनी अर्ध्या तासात संपवली, सगळं बरोबर होतं. मग म्हणाल्या, नियमाप्रमाणे उमेदवाराच्या नावाने कार्यालयात काही प्रलंबित प्रकरण आहे का तेवढं बघते, म्हणजे झालं. माझं अर्धं लक्ष खुर्चीकडे होतं, प्लॅस्टिक कात्रीने कापावं की हळूच सोडवून ठेवून द्यावं, असा विचार चालला होता. बाईंनी पहिली छत्री काढली, मग दुसरी, मग पट्टी वहीवरून खाली खाली सरकत गेली. तासाभराने त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चौतीस."

मी म्हटलं, "हो."

"सगळ्या काळ्या?"

"हो."

"सापडली एकही नाही. आणि हे 'हातातल्यासारखीच' म्हणजे काय?"

मी दरवानाकडे पाहिलं. दरवान साक्षीला आत आला होता, तो छताकडे बघत होता. बाई फार शांतपणे बोलल्या, आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "हे बघा. एक तर तुम्ही नऊ वर्षांत चौतीस छत्र्या हरवलेले गृहस्थ आहात, नाहीतर चौतीस वेळा खोटा अर्ज केलेले. पहिल्या माणसाला सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयात कायम करता येत नाही. दुसऱ्याला कुठेच करता येत नाही. सोमवारपर्यंत चौतीसही प्रकरणं मिटवा, नाहीतर हुकूम परत जाईल." हुकूम परत गेला की खुर्ची परत जाते, आणि खुर्ची परत गेली की माझं वय धरता ती पुन्हा यायची नाही. त्याबरोबर स्टूलही जाईल, कारण वस्तुपाल नेमायचाच ठरला असल्यामुळे तात्पुरती जागा त्यांनी आधीच मोडली आहे. म्हणजे आत्या, मी आत्ता दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

नियम असा की हरवल्याचा अर्ज तीनच मार्गांनी मिटतो. वस्तू सापडून परत दिली, अर्जदार वारला, किंवा वस्तू नातेवाइकाकडे राहिली होती असं त्या नातेवाइकाने लिहून दिलं. साहेबांनी तिन्ही वाचले आणि म्हणाले की दुसरा सर्वांत सुटसुटीत दिसतो. मग पहिल्याचा प्रयत्न केला. छत्र्यांच्या खोलीत चारशेच्या वर छत्र्या आहेत, त्यांतल्या चौतीस मला दिल्या की झालं, असा साहेबांचा हिशोब, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते "आजच बघू" म्हणाले. मी दोन दिवस गुडघ्यांवर रांगत खालच्या फळ्या चाळल्या. (तुझं आठवं अंग तिथे गेलं.) काळ्या, आठ काड्यांच्या, वाकड्या मुठीच्या फक्त अकरा निघाल्या. त्या अकराही दरवानाने माझ्या छत्रीशेजारी धरून पाहिल्या आणि एकेक करून परत ठेवल्या, हातातल्यासारखी यांतली एकही नाही म्हणून. बरोबरच होतं त्याचं. माझ्या छत्रीच्या मुठीवर दातांच्या खुणा आहेत. सातवीत असताना तुझ्या घरी गणितं सोडवताना मी ती मूठ चावायचो, आणि घर सोडून नोकरीला निघालो तेव्हा तीच छत्री तू माझ्या हातात ठेवलीस.

तर काल बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी विचारलं, "खंडाच्या दिवशी तुम्ही जाता तरी कुठे, की दर वेळी छत्री हरवते?" मी काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ. तोंडातून निघून गेलं, "आत्याकडे." एकदा निघाल्यावर मग पुढचंही निघालं. दर खंडाला सकाळच्या गाडीने आत्याकडे जातो, आत्याने मला लहानाचं मोठं केलं, तिच्याजवळ दिवसभर बसतो, निघताना छत्री तिथेच राहते, परत आल्यावर बसमध्ये राहिली असं वाटून अर्ज देतो. बाईंनी पट्टी खाली ठेवली. म्हणाल्या, "दर तीन महिन्यांनी? नऊ वर्षं? न चुकता?" मी मान हलवली. त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. मग म्हणाल्या, "माझा भाचा इथेच तीन गल्ल्या सोडून राहतो. चार वर्षं झाली." आणि त्यांनी माझ्या पुस्तिकेत शेरा लिहिला, 'कुटुंबवत्सल'. दरवानाने तेव्हा आमच्याकडे पाठ केली, तो कधीही कोणाकडे पाठ करत नाही. मला एवढं ओशाळं आयुष्यात वाटलं नव्हतं. बागेतल्या त्या गृहस्थांचे दात माझ्या तोंडात असते तरी वाटलं नसतं.

असो. आमच्याकडे बाकी सर्व ठीक. तुझी भाचेसून मजेत आहे, मान हलवण्यापुरती. नळ बरा झाला. डोळ्यांना जप, थेंब घालत जा, आणि जिना उतरताना वाचत जाऊ नकोस. उत्तराची घाई नाही.

तुझा आज्ञाधारक (हा शब्द तपासू नये),
भाचा

ता. क. उत्तराची घाई आहे. बाईंकडून तुला एक छापील पत्र येईल. त्यात प्रश्न एकच आहे, 'अर्जदार आपल्याकडे नियमित येत असत का, व छत्र्या विसरत असत का?' सोबत मी चौतीस निवेदनं लिहून पाठवतो आहे, तुझ्या अक्षराच्या जवळ जाईल अशा अक्षरात. तू फक्त सह्या करायच्या. सगळ्या एकाच पेनाने करू नकोस, नऊ वर्षांत एखादं पेन बदललं असेलच. वर रेघ मारायला सांगितलेलं वाक्य आता खोडून टाक.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या भाचेसुनेने पत्र वाचलं. वाचून म्हणाली, "आत्यांना खोटं लिहायला लावतोस? ज्यांनी तुला चौतीस गुणांवर नापास केलं, त्यांना?" मला तो आकडा तोपर्यंत सुचलाच नव्हता. शंभरांपैकी चौतीस. पासाला पस्तीस लागत. मुख्याध्यापकांनी तुला सांगितलं, घरचाच मुलगा आहे, एक गुण देऊन टाका, तर तू म्हणालीस, "गुण काय माझ्या माहेरचे आहेत?" मी सातवीत दोनदा बसलो. आणि त्याच संध्याकाळपासून सगळी सुट्टी तू रोज माझ्या शेजारी बसून तीच गणितं पुन्हा शिकवलीस, हे मी त्या काळात कोणाला सांगितलं नाही, तुला दुष्ट म्हणवून घेण्यात मला जास्त मजा येत होती. तिने पुढे आणखी एक विचारलं, "म्हणजे दर तीन महिन्यांनी एक अख्खा दिवस तू मोकळा होतास?" होतो. आत्या, तू दर पत्रात बोलावत होतीस आणि मी लिहीत होतो की तात्पुरत्याला सुट्टी नसते, मंगळवारी अर्धा दिवस मिळतो, त्यात चार तासांची गाडी कशी गाठायची. छत्तीस दिवस होते. मला वाटायचं की मी नसलो तर लोकांचे दात अदलाबदल होतील. आणि खरं सांगू? कायम झाल्याशिवाय तुझ्या दारात यायची लाज वाटत होती, दार उघडल्या उघडल्या तू तेच विचारशील म्हणून. चौतीस निवेदनं फाडून टाकली आहेत. बाईंच्या पत्राला जे खरं आहे ते लिही. नोकरी गेली तर गेली, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नाही, ती मला फार हवी आहे. तरीही खरंच लिही.

ता. क. तिसरा. या शुक्रवारी माझा सदतिसावा खंड आहे, आणि हुकूम राहिला तरी गेला तरी तो शेवटचाच. सकाळच्या गाडीने येतो. तीच छत्री घेऊन येतो आणि निघताना तुझ्या दाराआड विसरून जातो. आमच्या पद्धतीने ती पाचव्या, 'मुद्दाम'च्या कपाटातली होईल, पण वस्तू नातेवाइकाकडे राहिली हे तर खरंच असेल. बाईंचं पत्र त्यानंतर भर. 'एकदाही आला नाही' याच्या जागी तुला 'एकदा आला' असं लिहिता येईल. एका गुणाने नापास झालो होतो, पस्तिसावी मी स्वतः घेऊन येतो.

ता. क. चौथा. पत्र टाकायला निघालो आणि छत्री सापडेना. घर उलथंपालथं केलं. आठवलं, कालच्या बसमध्ये शेजारच्या दांडीला लावली होती आणि मी तुला काय लिहावं याच विचारात उतरलो. फाटकाशी गेलो. दरवान म्हणाला, "काय हरवलं?" मी म्हटलं, "छत्री." त्याने अर्ज काढला, वर्णन न विचारताच लिहीत गेला, काळी, आठ काड्यांची, वाकडी मूठ, आणि शेवटच्या शब्दापाशी थांबून माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवलं, टोपी काढली, आणि मला स्वतः आत घेऊन गेला. छत्र्यांची खोली पाहिली, पाचही कपाटं पाहिली. नाही मिळाली. तेव्हा शुक्रवारी येताना विसरून जायला माझ्याजवळ काही नसेल. रिकाम्या हातानेच येतो. दार उघडल्यावर ते विचारायचं असेल तर विचार, आणि गुण तुझ्या मनाला येतील तेवढे दे.